नव्या पेठेतला इंग्रजी शब्दवर्ग: एलोक्यूशन, ॲलोक्यूशन आणि त्यांची भावंडं

सोलापुरात स्पोकन इंग्लिशचे क्लास गल्लोगल्ली आहेत. बोलण्याविषयीच्या जड, एकमेकांसारख्या ऐकू येणाऱ्या इंग्रजी शब्दांवरच भर देणारा वर्ग मात्र विरळा. नव्या पेठेत रविवारी सकाळी भरणारा हा वर्ग वकिलीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी, तसंच वक्तृत्व स्पर्धांची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांनी जरूर करावा.

इथे पाठांतर नाही, शब्दाची फोड आहे. फळ्याच्या मधोमध ‘लोक्वी’ हे लॅटिन क्रियापद, म्हणजे बोलणं. त्याच्या मूळ अंगापासून ‘लोक्व’ आणि भूतकालवाचक रूपापासून ‘लोक्यूट’. म्हणूनच एलोक्वन्समध्ये (प्रभावी वक्तृत्व) क्यू-यू येतात आणि एलोक्यूशनमध्ये सी-यू. एवढं एक कळलं की स्पेलिंग घोकावं लागत नाही. मग उपसर्ग: ‘ए’ म्हणजे बाहेर, ‘ॲड’ म्हणजे कुणाकडे (त्यातला ड पुढच्या ल मध्ये मिसळतो), ‘सर्कम’ भोवती, ‘इंटर’ मध्ये, ‘ऑब’ विरुद्ध. त्यावरून एलोक्यूशन म्हणजे स्पष्ट उच्चारांनी, हावभावांसह बोलण्याची कला. ॲलोक्यूशन म्हणजे कुणाला उद्देशून केलेलं औपचारिक भाषण: पोपचं, किंवा अमेरिकी कोर्टात शिक्षा सुनावली जाण्याआधी दोषीने केलेलं निवेदन. सर्कमलोक्यूशन म्हणजे मुद्द्याला हात न घालता आडवळणाने बोलणं. ऑब्लक्वी ऐकायला साधं वाटतं, पण अर्थ आहे लोकनिंदा.

सगळ्यात उत्तम शिकवला जातो तो इंटरलॉक्युटर. २०१० मध्ये केंद्राने जम्मू-काश्मीरसाठी नेमलेल्या तीन इंटरलॉक्युटरांमध्ये पत्रकार दिलीप पाडगावकर होते. तिथे अर्थ संवाद साधणारा. इंटरलॉक्युटरी ऑर्डर मात्र अंतिम निकालाआधी, खटला चालू असताना दिलेला आदेश. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३९७(२) अशा आदेशाविरुद्ध पुनरीक्षणाला, म्हणजे वरच्या कोर्टाकडून फेरतपासणीला, मनाई करायचं. इथे ‘संवाद’ हा अर्थ धरून बसलं, तर कलमाचं वाक्यच लागत नाही. हा फरक वर्गात उदाहरणांसह पक्का करून घेतात, त्याबद्दल पूर्ण गुण.

आता उणिवा. पहिली आणि मोठी: कानाकडे दुर्लक्ष. गाळलेल्या जागा भरायच्या, वही तपासून घ्यायची, एवढंच. एलोक्यूशन आणि ॲलोक्यूशन यांत ऐकताना फरक असतो तो पहिल्या स्वराचाच, ‘बेट’ आणि ‘बॅट’ यांच्यातला. दोन्हींत जोर ‘क्यू’वर असल्यामुळे पहिला स्वर हलका पडतो आणि निसटतो. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं वर्गात बरीच असणार. त्यांच्याकडून ‘ॲ’ वेगळा घोटून घ्यायलाच हवा. उच्चारातला जोरही सांगत नाहीत: ऑब्लक्वीत तो पहिल्या अवयवावर (शब्दाच्या उच्चारी तुकड्यावर), सलिलक्वीत, म्हणजे स्वगतात, दुसऱ्यावर, इंटरलॉक्युटरमध्ये ‘लॉक’वर.

दुसरी उणीव वेळेची. ग्रँडिलोक्वन्स आणि मॅग्निलोक्वन्स यांतला सूक्ष्म भेद शोधण्यात बराच वेळ जातो. दोन्हींचा अर्थ शब्दबंबाळ, भारदस्त भाषा. व्यवहारात फरक नाही, आणि दुसरा शब्द क्वचितच भेटतो. तोच वेळ एलोक्वन्ट आणि लोक्वेशस यांना द्यायला हवा होता. शिफारसपत्रात विद्यार्थ्याला प्रभावी वक्ता म्हणायचं असतं आणि लिहिलं जातं लोक्वेशस, म्हणजे बडबड्या. त्या पोराचं नुकसान होतं. ॲलोक्यूशन लिहिताना ॲलोकेशन, म्हणजे वाटप, होऊन बसतं, आणि तोही खरा शब्द असल्यामुळे स्पेलचेक लाल रेघ मारत नाही. याचा उल्लेखही वर्गात होत नाही.

प्रवेश घेतलात तर शब्दांच्या जोड्या मोबाइलवर आपल्याच आवाजात रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी न बघता ऐकून लिहा आणि चुकलेली जोडी शिक्षकांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. विचारलं की ते मनापासून सांगतात. गाडी मात्र लांब लावून चालत या. पेठेत जागा मिळणं कठीण.