आधी किकी की आधी मेरी?

बहिणीचा फोन आला. "ताई, शनिवारी मुलं तुझ्याकडे आहेत ना, मग त्यांना ती चेटकिणीची जपानी फिल्म दाखव. झाडूवर बसलेली मुलगी, सोबत काळं मांजर. तीच गं."

तीच म्हणजे कुठली? एवढ्या खुणांवर दोन सिनेमे बसतात. एक १९८९ चा 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस', स्टुडिओ जिब्ली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा, दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. दुसरा २०१७ चा 'मेरी अँड द विचेस फ्लॉवर', दिग्दर्शक हिरोमासा योनेबायाशी. हा योनेबायाशी जिब्लीतच तयार झालेला. जिब्लीने २०१४ मध्ये नवे सिनेमे काही काळ थांबवले, तेव्हा निर्माता योशिआकी निशिमुरा बाहेर पडला, त्याने २०१५ मध्ये स्टुडिओ पोनॉक काढला आणि 'मेरी' हा त्यांचा पहिला मोठा सिनेमा. त्यामुळे चित्रांची घडण एकाच घराण्यातली. तेच ढग, तसंच वाऱ्यावर हलणारं गवत. दोन्ही पावणेदोन तासांच्या आत संपतात. मी माझ्या लेकीला दोन्ही दाखवलेत, आणि क्रम चुकवला होता. म्हणून हे सविस्तर.

आधी किकी. चेटकीण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चिंची उभी राहते, लांब नाक, खिदळणं आणि मुलांना पळवण्याचे बेत. किकीच्या जगात चेटकीण हा घरंदाज पेशा आहे. आई औषधं उकळते, गावातल्या म्हाताऱ्या तिच्याकडे येतात. रिवाज असा, की मुलगी तेरा वर्षांची झाली की तिने घर सोडायचं, जिथे दुसरी चेटकीण नाही असं गाव शोधायचं आणि वर्षभर स्वतःच्या जिवावर राहून दाखवायचं. किकी रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐकते, आज रात्री पौर्णिमा आणि आकाश मोकळं आहे असं कळताच निघते. बाबांचा लाल रेडिओ झाडूच्या दांड्याला टांगलेला, पुढ्यात जिजी हे काळं मांजर. झाडूला अडकवलेला हा रेडिओ मूळ पुस्तकाची लेखिका एइको कादोनो हिला तिच्या मुलीच्या चित्रात सापडला होता. पुस्तक १९८५ चं. कादोनोला पुढे, २०१८ मध्ये, बालसाहित्यातला हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला.

किकी ज्या शहरात उतरते ते समुद्रकाठचं, लाल कौलांचं, ट्रामचं. ते बेतलंय स्वीडनमधल्या स्टॉकहोम आणि व्हिस्बी या शहरांवर. पण शहर तिचं स्वागत करत नाही. रहदारीत घोटाळा केला म्हणून पोलीस दरडावतो, हॉटेलवाला पालकांशिवाय खोली देत नाही. शेवटी ओसोनो नावाची गरोदर बेकरीवाली तिला माळ्यावरची, पिठाच्या धुळीने माखलेली खोली देते. किकीला एकच विद्या येते, उडणं. तीही बेताचीच. मग ती घरपोच सामान पोहोचवण्याचा धंदा सुरू करते.

इथे हा सिनेमा बाकीच्या जादूच्या गोष्टींपासून फुटून निघतो. किकी दुकानात जाते, भांडीकुंडी घेते, किमती बघते, हातातले पैसे मोजते आणि जिजीला सांगते की आता काही दिवस पॅनकेकवरच भागवायला लागणार. नव्या शहरात पहिली नोकरी लागून जो कोणी पहिल्या महिनाअखेरीला वडापाववर राहिला असेल, त्याने हा प्रसंग मुलांशेजारी बसून बघावा.

आणि ती पाय, म्हणजे सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. एक आजी नातीच्या वाढदिवसाला हेरिंग मासळी आणि भोपळ्याची पाय पाठवणार असते, पण विजेची भट्टी बिघडलेली. किकी जुनी लाकडाची भट्टी पेटवते, सगळी खटपट करते, स्वतःच्या पहिल्या पार्टीला मुकते, मुसळधार पावसात भिजत पाय पोहोचवते. दार उघडणारी नात तोंड वाकडं करते, आजीची ही पाय मला आवडत नाही म्हणते आणि दार लावून घेते. संपला प्रसंग. कोणी तिला शासन करत नाही, ती पुढे सुधारतही नाही. माझी लेक यावर जितकं बोलली तितकं कुठल्याच राक्षसावर बोलली नव्हती. "तिने थँक्यू पण नाही म्हटलं?" दोन दिवस तेच.

यानंतर किकीची विद्या जाते. शाप नाही, खलनायक नाही. नुसतीच जाते. झाडू उठत नाही, जिजीचं बोलणं तिला कळेनासं होतं, तिच्या कानांवर फक्त म्यँव येतं. जंगलात राहणारी उर्सुला ही चित्रकार तिला सांगते की तिचंही चित्र असंच कधीकधी अडतं. तेव्हा काढत राहायचं, आणि तरीही जमलं नाही तर चक्क थांबायचं, फिरायचं, डुलकी काढायची. जपानी आवृत्तीत किकी आणि उर्सुला या दोघींचा आवाज एकाच अभिनेत्रीचा आहे, मिनामी ताकायामाचा. हे कळल्यावर तो प्रसंग पुन्हा बघा, थोरली होऊन आपणच आपल्याला समजावतोय असा वाटतो.

आता मेरी. मूळ पुस्तक इंग्रजी, मेरी स्टुअर्टचं, १९७१ चं. मेरी सुट्टी संपता संपता इंग्लंडमधल्या खेड्यात आजीच्या बहिणीकडे राहायला आलेली. कंटाळलेली, वेंधळी, मदत करायला जाते आणि कपबशी फोडते, स्वतःच्या लाल केसांवर रागावलेली. मांजराच्या मागोमाग जंगलात जाते, तिथे सात वर्षांतून एकदाच फुलणारं निळं फूल मिळतं, आणि त्याच्या जोरावर एका रात्रीपुरती चेटूक येतं. झाडू तिला उचलून ढगांपलीकडच्या एंडॉर विद्यालयात नेतो. तिथल्या बाई, मादाम मंबलचूक, तिला असामान्य विद्यार्थिनी समजतात, मेरीही ते खपवून घेते. खोटं अंगाशी येतं, तिचा मित्र पीटर अडकतो, आणि मग पाठलाग, सुटका, स्फोट.

सुरुवातच अशी, की आगीच्या लोळांतून एक लाल केसांची मुलगी झाडूवरून पळतेय आणि मागे सैन्य लागलंय. पहिल्या मिनिटापासून मूल खुर्चीच्या टोकाला येतं. किकीत पहिली दहा मिनिटं मुलगी गवतात पडून असते आणि बॅग भरते. ज्या घरात मुलं पाचव्या मिनिटाला रिमोट मागतात, तिथे मेरीची बाजू इथे भक्कम आहे, हे मान्य.

पण माझी चूक इथेच झाली. मेरी मी लेकीला सहाव्या वर्षी दाखवला. विद्यालयाच्या तळघरात प्राण्यांवर प्रयोग चालतात, त्यांची रूपं बदलून पिंजऱ्यांत कोंडलेली असतात. मोठ्यांना यात काही विशेष नाही. तिने मात्र त्या रात्री आमच्या मांजराला पांघरुणात घेऊन झोपायचा हट्ट धरला. अमेरिकेत किकीला सर्वांसाठीचं प्रमाणपत्र आहे, मेरीला पालकांच्या मार्गदर्शनाचं, ते उगाच नव्हे. आठ-नऊच्या पुढे मेरी खुशाल दाखवा, पाच-सहाला नको.

दोन्हींत जादू जाते, पण जाण्यात फरक आहे. मेरीची जादू उसनी असते. ती संपली तरी मेरीचं काही अडत नाही, उलट जादूवाचूनही आपण पुरेशा आहोत हे तिला कळतं. मुलांना हे लगेच उमगतं आणि तिथेच मिटतं. किकीचं उडणं तिच्या रक्तातलं, त्यावरच तिचं पोट आणि त्या शहरातली तिची ओळख. ते गेलं तर मी कोण, हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलीला पूर्ण कळत नाही. चाळिशीतल्या तिच्या आईला कळतो. मेरी मी दोनदा पाहिला, किकी किती वेळा ते मोजलं नाही.

भाषेचंही ठरवावं लागतं. नऊ वर्षांची भाची इंग्रजी सबटायटल्स भरभर वाचते, पाच वर्षांच्या भाच्याला ती वाचून दाखवावी लागणार. सोपं म्हणजे इंग्रजी डबिंग, पण किकीच्या बाबतीत त्यात एक मेख आहे. १९९८ च्या डबिंगमध्ये कर्स्टन डन्स्ट किकी झाली आणि फिल हार्टमन जिजी. हार्टमनचा जिजी धमाल आहे, टोमणेबाज, जाड आवाजाचा. जपानीतला जिजी मात्र कोवळ्या आवाजाचा, जणू किकीच्याच मनातलं बोलणारा. त्याची वाचा गेली की म्हणूनच जास्त लागतं. वर त्या डबिंगने शेवटी जिजीच्या तोंडी एक वाक्य घालून तो पुन्हा बोलू लागल्याचं दाखवलं. मूळ सिनेमात तो शेवटपर्यंत म्यँवच करतो. पुढे २०१० च्या आवृत्तीत ती भर बरीचशी काढून टाकली. जपानीत ओसोनो किकीला कॉफी देते, त्या डबिंगमध्ये मात्र हॉट चॉकलेट. तेरा वर्षांच्या मुलीने कॉफी घ्यावी हे बहुतेक कुणाला पटलं नसावं. आपल्याकडे त्या वयाला घरोघरी चहा सुरू झालेला असतो.

मेरीला ही अडचण नाही. मुळात गोष्ट इंग्लंडची, माणसं इंग्रज, त्यामुळे इंग्रजी आवाज परके वाटत नाहीत. मंबलचूक बाईंना केट विन्सलेटचा आवाज आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे.

किकीच्या मूळ जपानी नावाची एक गंमतही सांगून टाकते. त्यातला 'ताक्क्यूबिन' (घरपोच सामान सेवा) हा शब्द यामातो नावाच्या कुरिअर कंपनीचा ट्रेडमार्क, आपल्याकडे झेरॉक्सचं झालं तसा सगळ्यांच्या तोंडी बसलेला. त्या कंपनीचं बोधचिन्ह म्हणजे पिल्लाला तोंडात धरून चाललेलं काळं मांजर. कंपनी सिनेमाची प्रायोजक झाली यात नवल नाही. त्या वर्षी जपानमधल्या जपानी सिनेमांत किकीने सर्वांत जास्त कमाई केली.

कुणी तिसरं नाव सुचवेल, 'इअरविग अँड द विच', २०२० चा, मियाझाकींचे चिरंजीव गोरो यांचा. तोही जिब्लीचा, पण पूर्ण थ्रीडी संगणकी चित्रांचा. बाहुल्या प्लास्टिकच्या वाटतात, केस टोपीसारखे, आणि गोष्ट जिथे रंगात येते तिथेच संपते. अनाथाश्रमातली डांबरट पोरगी मजेशीर आहे, तेवढ्यासाठी पाऊण सिनेमा बघवतो. शनिवारसाठी नाही.

बहिणीला कळवलं, या शनिवारी किकी, जपानी आवाजात. सबटायटल्स मी मराठीत करून सांगत जाईन, भाच्याला तसंही मी बोललेलं आवडतं. मेरी पुढच्या सुट्टीत, भाचीला एकटीला. पायच्या प्रसंगाच्या वेळी जवळ बसायचं, आणि मध्यंतराला पॅनकेक नाही, धिरडी. हेरिंग आणि भोपळा एकत्र करण्याचं धाडस माझ्यात नाही.