श्रीराचा की टबॅस्को: माशांच्या ताटाशेजारी कुठली बाटली?

मे महिन्यात मुंबईहून गावी येताना पिशवीत तिखट सॉसची एकच बाटली टाकायची, तर कुठली? घरात तळलेले मासे वरचेवर होत असतील तर मी श्रीराचा घेईन. ज्यांच्याकडे कालवं येतात त्यांनी मात्र जरा थांबावं.

श्रीराचाला नाव मिळालं ते थायलंडच्या किनाऱ्यावरच्या सी राचा गावावरून. तिकडचा सॉस पातळ, गोडसर, लसणीचा, आणि मासळीसोबतच वाढतात. आपल्या डोळ्यांसमोर येते ती कोंबड्याच्या चित्राची, हिरव्या टोपणाची बाटली मात्र अमेरिकेतली. व्हिएतनाममधून निर्वासित होऊन गेलेल्या डेव्हिड ट्रान यांनी १९८० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये तो धंदा सुरू केला. ‘श्रीराचा’ या शब्दावर त्यांनी हक्क घेतला नाही, म्हणून आज अनेक कंपन्या त्या नावाने सॉस विकतात. तेव्हा घटकांची यादी वाचूनच घ्या. ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहिलेलं असतं. मिरचीच्या आधी साखर दिसली तर मी ती बाटली परत फळीवर ठेवते.

टबॅस्को १८६८ पासूनचा, अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या एव्हरी आयलंडचा. मिरची, मीठ, व्हिनेगर, बस्स. वाटलेली मिरची मिठात कालवून ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवतात. लोणच्याच्या बरणीवर दादरा बांधणाऱ्या माणसाला हे लगेच पटेल. चव आधी झणकन आंबट, मग तिखट. तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापावर तो २५०० ते ५००० भरतो, म्हणजे श्रीराचाच्या साधारण दुप्पट. लवंगी मिरचीवर वाढलेल्यांना दोन्ही सौम्यच वाटतील.

आता ताटाकडे येऊ. आगळ, हळद, तिखट लावून तळलेल्या बांगड्याला दोन्ही नकोत. त्याचं आंबट-तिखट त्याच्या अंगातच मुरलेलं असतं, आणि बांगड्याची चव झाकणं मला सहन होत नाही. माकुल, कोळंबी, रव्यातली सुरमई यांच्या बाजूला श्रीराचा खरंच शोभतो, कारण ही मासळी मुळात गोडसर आणि लसणीची तिच्याशी जुनी मैत्री. पण तो वरून घ्यायचा. तळण्याआधी लावलात तर त्यातली साखर तव्याला लागते आणि तुकडी शिजायच्या आत रवा काळा पडतो.

कालवांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत कच्च्या कालवांवर टबॅस्कोचे थेंब टाकून खातात. आपण ती शिजवतोच, पण सुक्यात दोन कोकमं कमी टाकून उतरवल्यावर चार-सहा थेंब घालून बघा. कालवांचा खारटपणा काय उठून येतो! तिथे श्रीराचा टाकलात तर कालवं सोडून लसूणच लागेल. सकाळच्या ऑम्लेटवर दोन्ही चालतात.

उघडलेला श्रीराचा आपल्या उकाड्यात फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर तो काळवंडतो. टबॅस्को कपाटात टिकतो, त्यामुळे पावसात दोन-दोन दिवस वीज जाते अशा घरात तो सोयीचा पडेल.