चालण्याची टेस्ट भारी, पण इनसोलच्या (बुटात घालायच्या गादीच्या) नादी लागू नका (रत्नागिरीतलं फिजिओ सेंटर, ३ स्टार)

आधीच सांगतो, घरात कोणी लंगडत असेल किंवा खुब्याचं, गुडघ्याचं दुखणं घेऊन बसलं असेल तर ही टेस्ट करून घ्या. ३ स्टार एवढ्यासाठी की टेस्ट ५ स्टारवाली आहे आणि त्यानंतर गळ्यात मारायचा जो प्रकार चालतो तो १ स्टारवाला.

बाबांचा उजवा खुबा दुखतो, एक्सरेत झीज दिसली, हाडाच्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन फिजिओकडे पाठवलं. सेंटर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही (पाय दुखणाऱ्यांसाठी जागा घेताना हे कोणाला सुचलं कोण जाणे). आत एक ट्रेडमिल, मागे आणि बाजूला कॅमेरे. पँट वर खोचायला लावतात, घोटा गुडघा खुबा इथे स्टिकर चिकटवतात आणि चाला म्हणतात.

खरी मजा नंतर, व्हिडिओ स्लो करून दाखवतात तेव्हा. एक टाच टेकली की तिथपासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक सायकल, त्यातला साधारण ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर आणि ४० टक्के हवेत. मधे दोनदा दोन्ही पाय एकदम जमिनीवर असतात, मिळून २० टक्क्यांच्या आसपास, आणि चाल मंदावली की हा वेळ वाढतो. पळताना तो शून्य होतो, म्हणजे चालणं आणि पळणं यातला फरक नुसता स्पीडचा नाही, हे मला तिथेच कळलं. बाबांचा उजवा पाय डाव्यापेक्षा कमी वेळ टेकत होता. दुखऱ्या पायावरून लवकर सुटायचं, एवढंच, पण आकड्यात बघितलं की पटतं.

आणि ते झुकणं. उजव्या पायावर वजन आलं की बाबा सगळं अंग उजवीकडे टाकतात, आम्हाला वाटायचं लकब आहे. तर एका पायावर असताना कंबर दुसऱ्या बाजूला पडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचा स्नायू, ग्लुटियस मीडियस, ती ओढून धरतो. अंगाचं वजन सांध्यापासून लांब आणि स्नायू सांध्याच्या जवळ, तराजूची दांडी मधोमध न धरता एका टोकाकडे धरल्यासारखं. त्यामुळे स्नायूला वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर लावावा लागतो आणि सांध्यावर नुसत्या चालण्यात वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. अंग त्या बाजूला झुकवलं की वजन सांध्याच्या वर येतं, स्नायूचं काम कमी, दुखणं कमी. म्हणजे बाबांच्या शरीराने आपला आपण जुगाड शोधलेला.

मग त्या फिजिओ मॅडमनी काठी उजव्या हातातून काढून डाव्या हातात दिली. बाबा म्हणाले, "अगो बाय, दुखतंय उजवीकडे नि काठी डावीकडे?" ती हसून म्हणाली, "काका, चार पावलं टाका, मग भांडा." काठी दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध बाजूला, सांध्यापासून लांब टेकते, म्हणून थोडासा जोर दिला तरी कंबर उचलून धरायला पुरते, आणि खुब्यावरचा भार उतरतो. उजवा पाय आणि काठी एकदम पुढे. काठी उंच पण होती, हात खाली सोडल्यावर मनगटाशी मूठ यायला हवी, म्हणून काठी खालून कापून रबर बदललं. मला विचाराल तर फीचे पैसे इथेच फिटले.

आता तक्रारी. ट्रेडमिलवर बाबांनी दांडा घट्ट धरलेला, आणि दांडा धरला की झुकणं दिसतच नाही. मॅडमच्या लक्षात आलं म्हणून त्यांनी पॅसेजमधे पुन्हा शूटिंग केलं, पण हे आधीच करा ना. आणि आपल्याकडे सपाटीवर चालतो कोण, आमच्या घराला रस्त्यापासून पाखाडी आहे, चिऱ्याच्या पायऱ्या, पावसात वर शेवाळ. ते सांगितल्यावर त्यांनी जिन्यावर नेलं (लिफ्ट नसल्याचा हा एवढाच फायदा), चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. ओल्या चिऱ्यावर लांब पाऊल टाकलं की टाच टेकताक्षणी पुढे सरकते, म्हणून छोटी पावलं, पाय शक्यतो सपाट. भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायचं असेल तर ओहोटीला खालच्या घट्ट ओल्या वाळूत, कारण सुक्या भुसभुशीत वाळूत कडक जमिनीच्या दुपटीपेक्षा जास्त ताकद जाते, आणि वरच्या उतारावर तर एक पाय कायम खाली राहून कंबर तिरकी. हे सगळं विचारल्यावर सांगितलं बरं का, न विचारता नाही.

रिपोर्ट पानंच्या पानं इंग्रजीत, रंगीत तळवे, अंशांचे आकडे, त्यातलं निम्मं कोणी समजावलं नाही. आणि काउंटरवर बसलेला मुलगा म्हणतो, तळवे सपाट आहेत, कस्टम इनसोल घ्यावेच लागतील. खुब्याचं दुखणं आणि तळव्याचं बिल. बाबा जन्मभर चपलेत, म्हटलं इनसोल ठेवायचं कुठे, तर म्हणे बूटपण आमच्याकडे मिळतात! मॅडमनी स्वतः इनसोलचा शब्दही काढला नव्हता, हे लक्षात घ्या. आम्ही व्यायामाचा कागद घेऊन निघालो, डाव्या कुशीवर झोपून उजवा पाय वर उचलायचा वगैरे. लंगडणं गेलेलं नाही, पण बाजारातून पिशवी घेऊन येताना मधे बसावं लागायचं ते आता लागत नाही.

जाणार असाल तर हाफपँट घाला, रोजच्या चपला आणि रोजचीच काठी न्या, नवीन नको. व्हिडिओ मागून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर देतात पण मागितल्याशिवाय नाही. आणि शनिवारी जाऊ नका, आठवडा बाजारामुळे पार्किंग मिळत नाही.