स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी घराची फेररचना: पुण्यातील एका सेवेचे परीक्षण

पुण्यात एक वास्तुरचनाकार आणि एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रुग्णाला रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारी तज्ज्ञ) अशा दोघी मिळून एक छोटी सेवा चालवतात. स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांचे राहते घर पाहून त्यातील प्रकाश, फरशी, रंग, स्नानगृह आणि सामानाची मांडणी यांत बदल सुचवणे, आणि हवे असल्यास ते करून देणे, असे तिचे स्वरूप आहे. अल्झायमर असलेल्या माझ्या सासूबाईंना घरात शक्य तितके स्वतःहून वावरता यावे, म्हणून कोथरूडमधील आमच्या जुन्या सदनिकेसाठी आम्ही ही सेवा घेतली. पाहणी आणि आराखडा उत्तम, प्रत्यक्ष काम मध्यम, आणि जिथे घराऐवजी या विषयावरची परदेशी मार्गदर्शिका पाहिली गेली तिथला खर्च वाया, असा माझा अभिप्राय आहे.

पहिल्या भेटीत दोघींनी टेप बाहेर काढलाच नाही. सकाळी त्या बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या आणि दिवेलागणीला, म्हणजे सासूबाईंची घालमेल सुरू होते त्या वेळी, पुन्हा आल्या. सासूबाई कुठे थबकतात, कुठे भिंत धरतात, कोणते दार उघडून परत फिरतात, याची त्यांनी नोंद केली. स्नानगृहाच्या दाराशी सासूबाई का अडतात हे घरात कोणालाच उमगत नव्हते. कारण निघाले दाराखालची काळ्या ग्रॅनाइटची पट्टी. या आजारात डोळे शाबूत असूनही अंतराचा आणि उंचसखलपणाचा अंदाज बिघडतो, त्यामुळे फिकट फरशीतला गडद पट्टा खड्ड्यासारखा भासू शकतो. काळसर पायपुसण्याचेही तेच. पट्टीवर फरशीच्या रंगाचा, न घसरणारा थर बसवला, पायपुसणे बदलले, आणि दाराशी अडणे जवळजवळ थांबले.

चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी ओली असल्यासारखी दिसते, हा पुढचा प्रश्न होता. फरशी उखडण्याऐवजी त्यांनी दिवे बदलले, आणि हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटला, कारण तोडफोड आणि अनोळखी कामगारांची वर्दळ यांनी सासूबाई अधिक बावरल्या असत्या. वयानुसार बाहुली लहान होते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर पडते. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणजे उजेड भरपूर हवा, पण चमक नको. थेट खाली प्रकाश टाकणारे एलईडी काढून तो छतावर आणि भिंतीवर पडेल असे दिवे लावले. अंधार पडण्याआधीच सगळे दिवे लावून पडदे ओढायचे, हा नियमही त्यांचाच. काळोख्या काचेत दिसणारी बाई कोण, हा सासूबाईंचा रोजचा प्रश्न त्यामुळे बराच कमी झाला. संध्याकाळची अस्वस्थता गेली नाही, सौम्य झाली.

स्नानगृहात पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड आणि पांढरीच बैठक असा प्रकार होता. पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो याचे 0 ते 100 असे माप असते, आणि लगतच्या दोन पृष्ठभागांत किमान 30 अंकांचा फरक असावा, असा संकेत आहे. त्यांची घरगुती चाचणी मला फार आवडली: मोबाइलवर जागेचा कृष्णधवल फोटो काढायचा, त्यात जी वस्तू भिंतीत मिसळून जाते तिचा रंग बदलायचा. आमच्या फोटोत कमोड जवळपास दिसतच नव्हता. आता बैठक आणि आधाराचे दांडे गडद निळे आहेत, आणि रात्री मंद दिवा लावून दार उघडे ठेवल्यावर कमोड पलंगावरून दिसतो. मात्र याच स्नानगृहात एका दांड्याचा नवा नळ बसवण्याची हौस कशाला? जन्मभर पिळायचा नळ, बादली आणि तांब्या वापरलेल्या हाताला तो समजेना. तक्रार केल्यावर जुन्या पद्धतीचे नळ परत लागले, पण प्लंबरची मजुरी आमच्याच माथी आली.

जेवणाच्या ताटाबाबतची सूचना जवळजवळ फुकटात पडली. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात, पांढऱ्याऐवजी गडद लाल ताटे आणि पेले दिल्यावर आजार बळावलेल्या रुग्णांचे खाणे सुमारे 25 टक्क्यांनी वाढले होते. आमच्याकडे स्टीलच्या चमकत्या ताटात दहीभात हरवत असे. आता तो गडद रंगाच्या, काठ असलेल्या ताटात वाढतो आणि बहुतेक वेळा संपतो.

फसले ते मार्गदर्शिकेतून जसेच्या तसे उचललेले भाग. या विषयावरचा स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठाचा अभ्यास नावाजलेला आहे, पण परदेशी मार्गदर्शनातील बरेचसे मुद्दे लांब मार्गिकांच्या, एकसारख्या दारांच्या निवासी केंद्रांना लागू पडतात. आपल्याकडे साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांतले बहुतेक जण घरीच सांभाळले जातात. दोनच खोल्यांच्या दारांबाहेर, आपली खोली ओळखता यावी म्हणून, आठवणींच्या वस्तूंची काचपेटी लावून काय साधणार? बाहेरचे दार भिंतीच्या रंगात रंगवून दिसेनासे करण्याची सूचना आम्ही नाकारली. दार सापडेना म्हणून सासूबाई अधिकच चिडतील, अशी भीती वाटली. हालचाल होताच झपकन पेटणाऱ्या दिव्यांनी त्या दचकत, म्हणून ते काढून सतत जळणारे मंद दिवे लावले.

देवघराबाबत मात्र त्यांनी ऐकून घेतले. आधी त्यांनी समईऐवजी बॅटरीचा दिवा सुचवला होता, जो सासूबाईंनी तिथल्या तिथे उचलून बाजूला ठेवला. शेवटी तेल-वात आणि काडेपेटी कुलपाच्या खणात गेली, संध्याकाळी सोबतीला असलेल्या मावशींच्या देखत समई लागते, आणि देवांची मांडणी तसूभरही हललेली नाही.

सुतारकाम त्यांच्या ठरलेल्या कंत्राटदाराकडून घेण्याची सक्ती नाही, आणि घेऊही नये. कपाटाला पारदर्शक दारे लावण्याची कल्पना चांगली होती, पण बिजागऱ्या हलक्या दर्जाच्या निघाल्या. एकूण खर्चात आराखड्याचे शुल्क तुलनेने थोडे होते. आजार पुढे सरकला की गरजा बदलतात, त्यामुळे काही महिन्यांनी फेरपाहणी लागते. तिचे वेगळे पैसे पडतात हे आम्हाला शेवटच्या बिलावेळी कळले, म्हणून ती भेट सुरुवातीच्या करारातच लिहून घ्यावी.