सांगलीचा पूर : भिंत बांधायची की नाल्यांना झडपा?

कृष्णेकाठी उंच संरक्षक भिंत बांधावी, की तोच पैसा नदीचं पाणी नाल्यांतून उलटं येऊ न देणाऱ्या, त्यांच्या तोंडावरच्या झडपा, पंप आणि निळ्या पूररेषेतली (नदीलगतची, बांधकामाला मनाई असलेली) जागा मोकळी करण्यावर घालावा? गल्लीच्या बैठकीत हा प्रश्न निघाला तेव्हा मी दुसऱ्या बाजूने हात वर केला.

भिंतीचा आग्रह मला समजतो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोका पातळी 45. ज्यांच्या घरात छपरापर्यंत पाणी होतं, त्यांना नदी आणि दार यांच्यामध्ये काहीतरी भक्कम हवं असणारच. पण तेवढ्या पाण्याला पुरेल अशी भिंत म्हणजे घाट गावापासून तुटणार. मातीचा बांध घालावा, तर त्याला रुंद पाया लागतो आणि गावभागात तेवढी जागा नाही. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. आणि इकडे अडवलेलं पाणी समोरच्या काठावरच्या सांगलवाडीकडे सरकणार, त्यांनी काय करायचं?

पण माझं मत खरं फिरलं ते गटारामुळे. त्या पुरात आमच्या दारात वाळूची पोती रचलेली होती, समोरचा रस्ता कोरडा होता, आणि न्हाणीघराच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले. मग काळं, घाण वासाचं पाणी वर आलं. संडासाचं भांडं भरलं. नदी दारात यायच्या आधीच घरात घोटाभर पाणी! खाली हरिपूरला कृष्णेला मिळणारी वारणा तुडुंब असली की कृष्णेला पुढे सरकता येत नाही, फुगवटा मागे येतो आणि शेरी नाल्यासारख्या वाटांनी गावात उलटा शिरतो. काठावरची भिंत त्याला कशी अडवणार?

झडपांनी 57 फुटांचा पूर थांबेल असं मी म्हणत नाही. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉटकडच्या लोकांचा हिशेब वेगळा असू शकतो, ते पहिल्यांदा बुडतात. पण पाणी 40 ची इशारा पातळी ओलांडून थोडं वर जातं, तेव्हा माझ्या मते झडपा आणि मोकळा काठ जास्त कामाला येईल.

भिंतीलाच कौल देणार असाल, तर आराखड्यात शेरी नाल्याच्या तोंडाशी काय दाखवलंय ते आधी बघा. झडप बंद झाल्यावर गावात पडलेला पाऊस कोणता पंप उपसणार आणि तो कशावर चालणार, हेही विचारा. पुरात वीज सगळ्यात आधी जाते.