थंडीतला बॉल: टूरचा, मऊ की राणी कलरचा?

ऑक्टोबर उलटला की आमच्या गोल्फच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "थंडीत कुठला बॉल खेळतोस?" ग्रुप म्हणजे न्यू जर्सीतले चार-पाच मराठी, दोन गुजराती आणि एक तेलुगू. रविवारी सकाळी काउंटीच्या कोर्सवर खेळणारे, हँडिकॅप (ठरलेल्यापेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) अठराच्या अलीकडे-पलीकडे. या प्रश्नाला मी तीन हिवाळे तीन वेगळी उत्तरं दिली. चौथ्यात उत्तर बदललं नाही, म्हणून आता लिहून टाकतो.

उमेदवार तसे दोनच. एक, युरेथेन कव्हरचा, व्यावसायिक खेळाडू वापरतात तसा टूर बॉल, म्हणजे प्रो व्ही-वन आणि त्याची भावंडं. दुसरा, नुसता गाभा आणि कव्हर असलेला मऊ टू-पीस, म्हणजे सुपरसॉफ्ट, ड्युओ वगैरे मंडळी. एकाचं कॉम्प्रेशन (कडकपणाचा आकडा) नव्वदीच्या आसपास, दुसऱ्याचं चाळिशीच्या घरात. बाकी डब्यावर लिहिलेलं तुम्ही वाचलेलंच असेल.

आधी अंतराचं. मऊ बॉल थंडीत लांब जातो, असं सगळे छातीठोकपणे सांगतात. मला तरी तसं दिसलं नाही. थंडीत दोन्ही आखूडच जातात. हवा दाट होते, बॉलच्या पोटातलं रबर सुस्तावतं आणि आपण अंगावर तीन थर चढवून अर्धामुर्धा स्विंग करतो. माझ्या बाबतीत या तिसऱ्या कारणाचा वाटा सगळ्यात मोठा असावा. आमच्या कोर्सवर एक पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांचा होल आहे, मधे ओढा. जुलैत मी तिथे आठ नंबर मारतो (नंबर जितका लहान, तितकी ती स्टिक लांब मारते). नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, सात नंबर ओढ्यात जातो, मग मुकाट्याने सहा काढावा लागतो. टूर बॉल असो की मऊ, ओढ्याला फरक पडत नाही.

फरक पडतो तो हाताला. पारा 38 फॅरनहाइटवर असताना टूर बॉल जरा पातळ, म्हणजे स्टिकच्या खालच्या कडेवर लागला, की कळ मनगटातून थेट कोपरापर्यंत जाते. पुढचे दोन होल बोटं चोळत चालायचं. मऊ बॉल तसाच लागला तर चुकल्याचं कळतं, पण शिक्षा होत नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांनी एवढ्यावरच निर्णय घेतला तरी मी त्यांना नावं ठेवणार नाही.

बॉल कुठलाही घ्या, पण रात्री गाडीच्या डिकीत किंवा गराजमध्ये ठेवू नका. आतपर्यंत गारठलेला बॉल खिशात अर्धा तास ठेवून भागत नाही, ऊब गाभ्यापर्यंत पोचायला तासन्‌तास लागतात. घरात ठेवा, सकाळी घेऊन निघा. आणि हँड वॉर्मरच्या पाकिटात बॉल गुंडाळून मुद्दाम तापवायची आयडिया आमच्यातल्या एकाने काढली होती, ती नियमात बसत नाही. नियम 4.2 वाचा, थेट डिस्क्वालिफिकेशन आहे. रविवारी पाच डॉलरच्या पैजेला कोण तपासतंय म्हणा, तरी.

टूर बॉलची खरी बाजू ग्रीनभोवती, म्हणजे होलजवळच्या बारीक कापलेल्या गवताच्या आसपास. पंचवीस यार्डांवरून वेज (उंच, आखूड फटक्याची स्टिक) मारला की तो दुसऱ्या टप्प्याला ब्रेक लावतो, टू-पीस मात्र घरंगळत राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हा फरक मला स्कोअरकार्डावर दिसतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण नोव्हेंबरच्या पावसात ग्रीन इतकं ओलं असतं की टू-पीसही जागच्या जागी रुततो. आणि डिसेंबरात गोठलेल्या ग्रीनवर काहीच थांबत नाही. फरशीवर टाकल्यासारखा टणकन उडून तो मागच्या झाडीत जातो, मग कव्हर कसलं आहे ते कोण विचारतो? थोडक्यात, ज्या गुणासाठी डझनाला 55 डॉलरच्या आसपास मोजायचे, तो गुण वापरायची संधी याच महिन्यांत कमी मिळते. सुपरसॉफ्ट त्याच्या साधारण निम्म्या पैशात येतो.

इथवर बरोबरीचा सामना म्हणता येईल. माझा निकाल मात्र वेगळ्याच गोष्टीने लागला, आणि ती कुठल्याच डब्यावर लिहिलेली नसते. पानं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, नोव्हेंबरचा पहिला रविवार. चौदाव्या होलला मी अख्ख्या दिवसातला एकमेव धड ड्राइव्ह, म्हणजे टीवरून पहिला लांब फटका मारला. सरळ, फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) मधोमध, चौघांनी डोळ्यांनी पाहिला. जाऊन बघतो तर डावीकडच्या मेपलच्या रांगेने रात्रीत सगळी पानं फेअरवेवर ओतलेली. आम्ही चौघं पावलांनी पाचोळा उसकटत फिरलो. 2019 पासून शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. ती संपली. टीवर मागचे चौघं कमरेवर हात ठेवून उभे. त्यांच्यासमोर मान खाली घालून परत चालत गेलो आणि एका फटक्याचा दंड घेऊन तिसरा फटका टीवरून मारला. बॉल रफमध्ये, कडेच्या लांब गवतात हरवला तर ते आपलं पाप. फेअरवेच्या मधोमध हरवला तर दाद कुणाकडे मागायची?

लहानपणी मामाबरोबर चेंबूरच्या कोर्सवर गेलो होतो, तिथे पुढे एक आगेवाला उभा असायचा. बॉल कुठे पडला ते तो लांबूनच हात करून दाखवायचा. इथे आगेवाले आपणच, तेही चष्म्यावर धुकं धरलेले.

त्यानंतर मी कॉम्प्रेशन सोडून रंगाच्या मागे लागलो. पांढरा बॉल हिरव्या गवतावर राजा असतो, पण नोव्हेंबरात ओल्या पानांवर उन्हाची तिरीप पडली की शंभर ठिकाणी पांढरं चमकतं. शिवाय पावसानंतर झाडांखाली अळंबी उगवतात. एका सकाळी मी तीन वेळा अळंबीपाशी जाऊन आलो. दव गोठलेलं असेल तर बोलायलाच नको. पिवळा घ्यावा तर हिकरी आणि मेपल दोन्ही पिवळे. नारिंगी ऑक्टोबरात मेपलमध्ये विरघळतो. नोव्हेंबरअखेर फक्त ओकची तपकिरी पानं उरली की तो पुन्हा दिसायला लागतो, पण ओकचं पान एवढं मोठं की बॉल त्याच्याखाली झोपतो. लालबद्दल लिहितही नाही. दोन रंगांचा अर्धा-अर्धा बॉलही खेळून पाहिला. ग्रीनवर पट (होलकडे घरंगळवायचा फटका) मारताना तो गरगरताना बघायला मजा येते, पण पाचोळ्यात त्याचा नेमका पिवळा अर्धा वर राहायचा.

उरला गुलाबी. मॅट, गडद गुलाबी, मऊ टू-पीस. आणला त्या दिवशी बायको म्हणाली, "अगं बाई, हा तर राणी कलर!" ग्रुपवर आठवडाभर पैठणीचे विनोद झाले. पण शरदातल्या आमच्या झाडांकडे हा एकच रंग नाही. पिवळा आहे, शेंदरी आहे, किरमिजी आहे, तपकिरीच्या दहा छटा आहेत, राणी नाही. चाळीस पावलांवरून दिसतो. पानाखाली अर्धा दडलेला असला तरी कडेची एक रेघ पुरते. मॅटचाही हातभार असावा. तुकतुकीत बॉल ओला झाला की ओल्या पानासारखाच चमकतो, हा चमकत नाही. मागच्या पूर्ण नोव्हेंबरात मी पानांत दोनच बॉल हरवले. आधीच्या वर्षी एका फेरीत तेवढे जायचे.

दोष आहेत. मॅट कव्हर लवकर मळतं. वेजचे ओरखडे आणि कार्टपाथचे काळे डाग बसले, की दोन फेऱ्यांत बॉल जत्रेतून आणलेल्या चेंडूसारखा दिसतो. आणि ग्रीनभोवती तो टूर बॉल नाही तो नाहीच, मला चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) आता अलीकडे टाकून घरंगळू द्यावी लागते. शिवाय आमच्यातल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, पुरुषांत हे तसं दुर्मीळ नाही. त्याला माझा बॉल पाचोळ्यात करडा दिसतो. तो पिवळाच खेळतो आणि त्याच्यापुरतं बरोबर आहे. तेव्हा डझन घेण्याआधी एक तीनाचं पाकीट घेऊन स्वतःच्या कोर्सवर, स्वतःच्या झाडांखाली टाकून बघा. पाइनच्या कोर्सवर खेळत असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही.

नियमांचंही जाता जाता. शोधताना पायाने चुकून बॉल हलला तर आता दंड नाही, परत जागेवर ठेवायचा. सापडल्यावर शेजारचं पान उचलताना हलला तर मात्र एक फटका बसतो, तिथे घाई नको. काही कोर्स या दिवसांत साचलेल्या पानांना ग्राउंड अंडर रिपेअर, म्हणजे दंडाशिवाय बॉल बाहेर घेता येणारी जागा, धरणारा लोकल रूल लावतात. पहिल्या टीवर जाण्याआधी विचारून घ्या, आमच्यासारखं चौदाव्यावर नको.

माझी वाटणी आता ठरलेली आहे. ऑक्टोबर संपेपर्यंत टूर बॉल, कारण ग्रीन अजून ऐकतात आणि स्कोअर हँडिकॅपला लागतात. न्यू जर्सीत 15 नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत ते लागत नाहीत. नोव्हेंबर लागला की राणी कलर. तुमचा हँडिकॅप एक आकडी असेल आणि चिपवर तुमचं पोट असेल, तर तुम्ही टूर बॉलच धरून बसाल, तेही समजू शकतो. फक्त मग बरोबर शोधायला चौघं न्या.

उरलेले टूर बॉल मी हॉलच्या कपाटात ठेवतो, पापडाच्या डब्याशेजारी. एप्रिलपर्यंत तिथेच असतात.