चंदननगर की पाँडिचेरी: मुलांना घेऊन आधी कुठे जावं?

माझं आजोळ पेडण्याचं. परक्यांच्या ताब्यातली जमीन परत येते म्हणजे डिसेंबर 1961 मध्ये आली तशी, सैन्य आत शिरलं आणि पोर्तुगीज गेले, हे माझी मुलगी आजीकडून ऐकतच मोठी झाली. सहावीत असताना तिनं विचारलं, "बाबा, लढाई न करता, नुसत्या करारानं कुणी जमीन दिलीय का आपल्याला?" दिलीय. फ्रान्सनं दिलीय, आणि तीही दोन वेगवेगळ्या करारांनी. पोर्तुगालनं मात्र गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार केला तो थेट 31 डिसेंबर 1974 ला.

त्या प्रश्नापायी आम्ही दोन सुट्ट्यांत दोन्ही गावं केली. आधी तमिळनाडूला लागून असलेलं पाँडिचेरी, मग कोलकात्याजवळचं चंदननगर; दोन्ही एकेकाळी फ्रेंचांच्या ताब्यातली. तुमच्याकडे एकच सुट्टी असेल आणि सोबत प्रश्न विचारणारं पोर असेल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

पाहण्यासारखं पाँडिचेरीत जास्त आहे, यात वाद नाही. समुद्र, पिवळ्या भिंती, तमिळ आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांतल्या निळ्या पाट्या, लाल टोपीतले पोलीस. पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती आम्ही उतरलो होतो त्या घरातली गोष्ट. करारात एक तरतूद होती: तिथं जन्मलेल्या फ्रेंच नागरिकांना भारताचं नागरिकत्व मिळणार, पण ज्यांना फ्रेंचच राहायचं असेल त्यांनी सहा महिन्यांच्या आत तसं लिहून द्यायचं. घरमालकीणबाईंच्या सासऱ्यांनी लिहून दिलं, त्यांच्या धाकट्या भावानं दिलं नाही. आज त्याच घरात वरच्या मजल्यावर फ्रेंच पासपोर्ट आहेत आणि खालच्या मजल्यावर भारतीय. बाईंनी दोन्ही आणून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. करार म्हणजे काय हे मुलीला त्या टेबलावर जितकं कळलं, तितकं माझ्या सांगण्यातून कळलं नसतं.

मग अडलं कुठे? तारखेत.

आम्ही गेलो होतो पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला जोडून. सोळा तारखेला सकाळी एका सरकारी ग्रंथालयात जुने नकाशे बघायला गेलो, तर दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, "आज हॉलिडे, डी ज्यूर डे." मुलगी गोंधळली. काल स्वातंत्र्यदिन होता, मग आज काय आहे? डी ज्यूर म्हणजे कायद्यानं, असं म्हणत मी फूटपाथवर बसून सांगायला लागलो. भारतात विलीन व्हायचं का, यावर जवळच्या कीळूर गावात मतदान झालं 18 ऑक्टोबर 1954 ला. प्रत्यक्ष ताबा मिळाला 1 नोव्हेंबर 1954 ला, तो इथला मुक्तिदिन. करारावर सह्या 28 मे 1956 ला. आणि कायद्यानं हे सगळं पक्कं झालं ते 16 ऑगस्ट 1962 ला, कारण अल्जीरियात युद्ध पेटलेलं असताना आणखी एक मुलूख सोडण्याच्या कागदावर मोहोर उमटवायला फ्रेंच संसद तयार होत नव्हती. तिनं वहीत तारीख लिहिली, खोडली, दुसरी लिहिली, तीही खोडली. शेवटी वही मिटून म्हणाली, "म्हणजे आठ वर्षं हे गाव कुणाचं होतं?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि अकरा वर्षांच्या मुलीला पटेल असं एका वाक्यातलं उत्तर मला देता आलं नाही. त्यात कीळूरचं मतदान. मतं दिली ती 178 निवडून आलेल्या प्रतिनिधींनी, 170 विलीनीकरणाच्या बाजूनं. गावातल्या कोळ्यानं किंवा विणकरानं मत दिलेलं नाही. शिवाय कीळूर शहरापासून वीसेक किलोमीटर आत आहे. बसनं जाऊन-येऊन अर्धा दिवस गेला, आणि परत येईपर्यंत तिचा उत्साह मावळलेला.

चंदननगरलाही तारखा काही कमी नाहीत, पण तिथली गोष्ट सुरू होते सामान्य माणसापासून. कुठलाही मुलूख सोडायचा तर तिथल्या लोकांची संमती हवी, असं फ्रान्सच्या 1946 च्या संविधानातच होतं. म्हणून 19 जून 1949 ला गावानं मतदान केलं. सात हजारांहून जास्त मतं भारताला, 114 फ्रान्सला. मे 1950 मध्ये ताबा आला, फेब्रुवारी 1951 मध्ये पॅरिसला करार झाला, 1952 मध्ये तो अंमलात आला आणि 2 ऑक्टोबर 1954 ला गाव पश्चिम बंगालमध्ये सामील झालं. लोकांनी कौल दिला आणि मग कागद झाला, एवढं सांगितलं की मुलाला पुरतं.

हावड्याहून लोकलनं तासाभरात पोचतो. स्ट्रँडवर हुगळीच्या काठानं चालत निघालं की फ्रेंच गव्हर्नर डुप्लेचं घर, जिथं आता संग्रहालय आहे, चर्च, दुर्गाचरण रक्षित यांच्या नावाचा घाट, सगळं पायी होतं. गावाच्या वेशीवर दोन खांबांचं फाटक आहे, त्यावर फ्रेंचांचं 'लिबेर्ते, एगालिते, फ्रातेर्निते', म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता. खालून बॅटरीवरच्या टोटो रिक्षा हॉर्न वाजवत जात होत्या. मुलीनं वर बघत विचारलं, "हे लिहून ठेवलं होतं, तरी मत घ्यावं लागलं?" क्रांतिकारक रासबिहारी बोस याच गावात वाढले आणि अरविंद घोष 1910 मध्ये पाँडिचेरीला जाण्याआधी इंग्रजांपासून इथंच लपले होते, हे मी तिला तिथंच उभ्यानं सांगितलं. संध्याकाळी घाटावर जलभरा संदेश खाताना आतलं गुलाबपाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं. तो डाग अजून आहे.

चंदननगरचंही उणं आहे. फ्रेंच काळाच्या खुणा थोड्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच पडझडीला आलेल्या. वर सांगितलं तसं दोन पासपोर्टांचं टेबल तिथं मिळणार नाही. राहायलाही कोलकात्यातच सोयीचं पडतं. ज्यांना फ्रेंच वसाहतीचं जगणं आजही चालू असलेलं बघायचंय, किंवा मुलं कॉलेजात गेलीत, त्यांनी पाँडिचेरीलाच जावं, असं मलाही वाटतं. पण मूल दहा-बारा वर्षांचं असेल आणि त्याला 'मग ठरवलं कुणी?' हे विचारायची सवय असेल, तर मी आधी हावड्याचं तिकीट काढेन.

पाँडिचेरीला आम्ही पुन्हा जाणार आहोत, मुलगी दहावी झाली की. यावेळी आधी कीळूर, मग समुद्र. आणि सोळा ऑगस्ट टाळून.